संध्याकाळचा भाव

१० मार्च २०२५ रोजी रायपुरात ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणूकदारांची परिषद भरली आणि एका दिवसात तीन लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव सरकारच्या पदरात पडले. अशा परिषदांतले आकडे निम्मे करून वाचायचे असतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण निम्मे केले तरी त्या यादीची ठेवण बोलकी आहे. अदानी पॉवरचे कोरबा, रायगढ आणि रायपूर अशा तीन ठिकाणी प्रत्येकी १६०० मेगावॉट, जिंदालचे रायगढमध्ये आणखी १६००, सारडा एनर्जीचे ६६०, एनटीपीसी आणि राज्याची स्वतःची निर्मिती कंपनी यांचे मिळून ४५००, त्यातच कोरब्यातले ६६० मेगावॉटचे दोन संच. कोळशावरची ही बेरीज साडेअकरा हजारांच्या पुढे जाते. त्याच यादीत ८७०० मेगावॉटचे उदंचन जलविद्युत प्रकल्पही होते. म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज काढायची. परिषदेला तीन आठवडे उलटायच्या आत, ३० मार्चला, बिलासपूरजवळच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते मुहूर्त झाला तो कोरब्यातल्या त्या दोन कोळसा संचांचा आणि सीपतच्या ८०० मेगावॉटच्या वाढीव संचाचा. उदंचन अजून करार आणि सर्वेक्षणांतच आहे. माझी हरकत या क्रमाला आहे. पुढच्या वीस वर्षांत छत्तीसगढकडे विकण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे संध्याकाळची वीज, आणि ती हाती येण्यासाठी जे आधी करायला हवे ते आपण शेवटी ठेवले आहे.

वीज म्हणजे वीज, युनिटला अमुक पैसे, ही समजूत आता कामाची राहिलेली नाही. रायपूरच्या डंगनियातले राज्य भार प्रेषण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे आदल्या दिवशी ठरते. वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची तर मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळलाच पाहिजे. पूर्वी या ९६ तुकड्यांच्या किमतीत फार फरक नसे. आता दुपारचा तुकडा आणि संध्याकाळी साडेसातचा तुकडा या जणू दोन वेगळ्या वस्तू झाल्या आहेत. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा जीवाश्म इंधनाविना चालणाऱ्या प्रकल्पांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजूनही दोन तृतीयांशाच्या वर आहे, पण दुपारी चित्र पालटते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वीज विनिमय बाजारात काही दुपारी भाव जवळपास शून्याला टेकला. राजस्थानात तर तयार सौर वीज तारेत घ्यायला जागा नाही म्हणून प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगावे लागले. सूर्य मावळला की तोच बाजार युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतो. देशाने ३० मे २०२४ रोजी नोंदवलेली २५० गिगावॉटची विक्रमी मागणी दुपारची होती आणि ती फारशी ओढाताण न होता भागली. नियोजनकर्त्यांची झोप उडते ती त्यानंतरच्या पाच-सहा तासांनी.

अशा बाजारात नवा कोळसा संच काय करणार, हा खरा प्रश्न आहे. त्याला दुपारी वाकावे लागणार. सध्या संचांनी ५५ टक्क्यांपर्यंत उतरावे अशी अपेक्षा आहे, आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी पुढे ४० टक्क्यांपर्यंत उतरायची तयारी करायला सांगितले आहे. कागदावर हा एक आकडा आहे. संचावर त्याचा अर्थ असा की बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी फुंकणाऱ्या चक्क्या एकेक करून बंद करायच्या. ज्योत डळमळू लागली की ती टिकवायला महागडे तेल सोडायचे. जाड पोलादी ड्रम आतून-बाहेरून वेगवेगळ्या वेगाने तापतो-निवतो, त्या रोजच्या ताणाने सांध्यांना तडे जातात ते दुरुस्त करत बसायचे. दर युनिटमागे कोळसाही जास्त जळतो. तरीही जुन्या संचाच्या बाबतीत हे परवडते, कारण त्याचे भांडवल कधीच फिटलेले असते. नव्याची गोष्ट वेगळी. उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये मिर्झापूरच्या १६०० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी मान्य केलेला दर ५ रुपये ३८ पैसे आहे. त्यात कोळशाचे फक्त १ रुपया ६६ पैसे. उरलेले ३ रुपये ७३ पैसे स्थिर आकाराचे, म्हणजे वीज घेतली वा न घेतली तरी क्षमता तयार ठेवल्याबद्दल मोजायचे. संच जवळजवळ पूर्ण वेळ चालेल असे धरून हा दर निघतो. तो त्याच्या निम्माच चालला तर स्थिर आकार प्रत्येक युनिटवर दुपटीने बसतो आणि ग्राहकाला तेच युनिट नऊ रुपयांच्या पुढे पडते. करार पंचवीस वर्षांचा. त्यातली किती वर्षे तो संच दुपारी मान खाली घालून बसेल, याचा अंदाज बांधायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशाने तर एकाच पावसाळ्याच्या आगेमागे दोन्ही प्रयोग करून दाखवले. आपल्या सीमेला लागून असलेल्या अनूपपूर जिल्ह्यातल्या नव्या कोळसा प्रकल्पाची वीज त्या राज्याने ५ रुपये ८४ पैशांना ठरवली. मुरैनाच्या सौर-अधिक-बॅटरी प्रकल्पाची २ रुपये ७० पैशांना. हे दोन भाव शेजारी ठेवून कोळसा मेला अशी हाकाटी करणारे लोक दिशाभूल करतात, हेही सांगितले पाहिजे. वस्तू एकच नाहीत. मुरैनाची बॅटरी सकाळ-संध्याकाळचे मोजके तास सांभाळते. रात्री दोन वाजता किंवा श्रावणात आठ दिवस आभाळ दाटले असता तिचा उपयोग बेताचाच. पण महागात पडणारे तास नेमके ते मोजकेच आहेत. उरलेल्या रात्रीसाठी आणि पावसाळ्यासाठी आपल्याकडे संच आहेतच. कोरब्याचा २६०० मेगावॉटचा आणि सीपतचा २९८० मेगावॉटचा एनटीपीसी प्रकल्प, लारा, मडवा, तमनार, रायखेडा हे सगळे उभे आहेत. राज्याची स्वतःची कमाल मागणी मात्र सात हजार मेगावॉटच्या आसपास आहे. मागणी वाढणार हे खरे. पण सध्याच्या संचांना आधी लवचीक करणे, नव्याने बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ही आपल्या सात हजारांची गोष्ट नाही, छत्तीसगढ देशासाठी वीज बनवतो, आणि देशाला २०३१-३२ पर्यंत आणखी किमान ८० गिगावॉट औष्णिक क्षमता हवी असे केंद्रच म्हणते. मान्य. पण देशासाठी वीज बनवणाऱ्याने गिऱ्हाईक काय विकत घेणार ते पाहायला नको का? राजस्थान, गुजरात, तमिळनाडू, कर्नाटक दुपारी कोणाकडून वीज घेणार नाहीत. उलट ती कुठे द्यावी या विवंचनेत असतील. ते घेतील संध्याकाळची. आणि इथे छत्तीसगढचे खरे भांडवल कोळशापेक्षा तारांत आहे. चांपा ते कुरुक्षेत्र आणि रायगढ ते पुगळूर या ८०० किलोव्होल्टच्या दोन एकदिश-प्रवाह वाहिन्या याच राज्यातून निघतात, प्रत्येकीची क्षमता ६००० मेगावॉट. एक हरियाणात उतरते, दुसरी साडेसतराशे किलोमीटर दूर तमिळनाडूत. खाणींच्या तोंडाशी वीजकेंद्रे आणि वीज मात्र दूरच्या शहरांना, या हिशेबाने त्या बांधल्या गेल्या. पण तारेला कोळशाशी इमान राखायची सक्ती नसते. पुगळूरची वाहिनी उलट्या दिशेनेही चालते. तमिळनाडूत वारा भरात असला की तिकडची वीज इकडे येऊ शकते. म्हणजे दुपारी इतर राज्यांची नकोशी झालेली वीज स्वस्तात घ्यायची, साठवायची आणि त्याच तारांनी संध्याकाळी परत विकायची, असा व्यापार करायला देशात यापेक्षा सोयीची जागा फार थोडी असेल. उदंचनात शंभर युनिटे घातली तर पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात, हा तोटा खरा आहे. पण घेतानाचा आणि विकतानाचा भाव पाहिला तर तो सहज सोसवतो. ज्यांना हे तंत्र अजून स्वप्नातले वाटते त्यांनी महाराष्ट्रातल्या घाटघरकडे पाहावे. तिथला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून उभा आहे. आणि बॅटरीसाठी तर सीमेपलीकडेही जायला नको: गोंदियाला लागून असलेल्या राजनांदगावात १०० मेगावॉट सौर आणि १२० मेगावॉट-तासांची बॅटरी फेब्रुवारी २०२४ मध्ये देशाला अर्पण झाली, तेव्हा ती आपल्या जातीतली देशातली सर्वांत मोठी होती. राज्याच्या जाहिरातींत तिचा उल्लेख कोनशिलांच्या मानाने फारच कमी दिसतो.

उदंचनाच्या जागांबद्दल मात्र हात राखून बोलले पाहिजे. गरियाबंदमधले सिकासार धरण उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी आहे. तिथे डोंगर फोडून वरचा जलाशय बांधणे म्हणजे कोळशाच्या खाणीसारखेच प्रश्न अंगावर घेणे. त्या मानाने हसदेव-बांगोचा जलाशय आधीच भरलेला आहे, त्यावर १२० मेगावॉटचे जलविद्युत केंद्रही चालते. पण त्या जलाशयात पाणी येते ते हसदेव अरण्याच्या डोंगरांतून, आणि त्याच अरण्यात राजस्थानच्या वीज कंपनीसाठी परसा पूर्व-केते बासन खाण वाढत चालली आहे. २०२२ च्या जुलैत छत्तीसगढ विधानसभेने हसदेवमधले कोळसा पट्टे रद्द करा असा ठराव एकमताने केला, तो ठरावाच्या जागीच राहिला. जंगल तुटले की गाळ धरणात येतो, हे शाळेतले पोर सांगेल. एका हाताने जलाशयावर साठवणीचा प्रकल्प आखायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचे पाणलोट खणायचे, या दोन फायली मंत्रालयाच्या एका टेबलावर अजून आलेल्या नाहीत असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप रायपूरच्या वेशीवरूनच येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. उरला-सिलतऱ्याचा पोलाद उद्योग चोवीस तास वीज खातो. त्याला संध्याकाळ-दुपार काही नसते, म्हणून त्याला कोळशाची अखंड वीजच लागते, असे म्हणतात. २०२४ च्या जुलैअखेर याच पट्ट्यातल्या लहान पोलाद कारखान्यांनी वीजदरवाढीविरुद्ध उत्पादन थांबवले होते. त्या वादात एक तपशील असा निघाला की त्याची चर्चा व्हायला हवी होती, ती झाली नाही. कारखान्यांची मुख्य तक्रार नुसत्या दरावर नव्हती. अखंड आणि एकसारखी वीज वापरणाऱ्याला मिळणारी लोड फॅक्टर सवलत कमाल २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली गेली, हे त्या दरवाढीचे मोठे अंग होते. म्हणजे भट्ट्या चोवीस तास एका लयीत चालतात ते काही निसर्गाने ठरवून दिलेले नाही. तसे चालवण्याबद्दल आपण वर्षानुवर्षे बक्षीस देत आलो. कोळशाचे संच एका लयीत चालत होते तेव्हा ते बक्षीस शहाणपणाचेही होते. आता ते चुकीच्या वागणुकीला दिले जाते. इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवण्याची एक हीट दोन-तीन तासांत उतरते. भट्टी पार गार होऊ दिली तर अस्तर तडकते, म्हणून दिवसदिवस बंद ठेवणे परवडत नाही. पण संध्याकाळच्या चार तासांत एक हीट कमी घेणे आणि दुपारी एक जास्त घेणे, हे भावात पुरेसा फरक ठेवला तर कारखानदार स्वतःहून करेल. रात्री वीज स्वस्त असे तेव्हा तो पाळ्या रात्रीकडे सरकवतच होता. स्पंज आयर्नची फिरती भट्टी थांबत नाही हे खरे, पण तिच्या तप्त वायूंवर बरेच कारखाने स्वतःची वीज काढतात, ती संध्याकाळसाठीच तर हवी आहे. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी सौर तासांत निदान २० टक्के कमी आणि उद्योगांना गर्दीच्या तासांत निदान २० टक्के जास्त दर लावायला सांगितले आहे. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांनाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैसे सूट मिळू लागली. स्मार्ट मीटरवरून तिकडे जो गदारोळ चालला आहे त्यात ही बाब बुडून गेली, पण दिशा ती बरोबर आहे. छत्तीसगढच्या नियामक आयोगाने भट्ट्यांसाठी हा फरक २० टक्क्यांवर न थांबवता ठळक करावा आणि लोड फॅक्टर सवलतीत जाणारा पैसा तिकडे वळवावा. शे-दोनशे कारखान्यांनी संध्याकाळचा भार थोडा थोडा जरी हलवला तरी एका नव्या संचाची निकड पुढे ढकलता येते, आणि त्यासाठी एक झाडही तोडावे लागत नाही.

घरगुती ग्राहकांबाबत राज्याचे धोरण २०२५ मध्ये कोलांट्या घेत राहिले. २०१९ पासून चारशे युनिटांपर्यंत निम्मे बिल माफ होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मर्यादा शंभरावर आली, ओरड झाली, डिसेंबरात ती दोनशेवर गेली. मधल्या काळात लोकांना छतावर सौर पॅनेल बसवा असे सांगण्यात आले, आणि तीन किलोवॉटला केंद्राचे ७८ हजार व राज्याचे ३० हजार अनुदान पाहता तो सल्ला वाईट नाही. पण छतावरचे पॅनेल दुपारच्या विपुलतेत भर घालते. दिवेलागणीला तेच घर पुन्हा तारेवर येते, तेही एसी लावून. बॅटरीला अनुदान न देता फक्त पॅनेलला देणे म्हणजे प्रश्न छतावरून उचलून डंगनियाच्या नियंत्रण कक्षात नेऊन ठेवणे.

राहिला चिनी बॅटऱ्यांचा आणि आत्मनिर्भरतेचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, म्हणूनच बॅटरीपेक्षा उदंचनावर माझा भर जास्त आहे. पाणी, काँक्रीट आणि टर्बाइन आपल्याकडे बनते. कोरब्याच्या कटघोऱ्यातला लिथियमचा पट्टा २०२४ मध्ये लिलावात गेला, देशातला तो पहिलाच, आणि त्यावरून इथे बॅटऱ्यांचे कारखाने उभे राहिल्यासारखी भाषणे झाली. जमिनीत लिथियम असणे आणि हातात सेल असणे यांत खनन, शुद्धीकरण आणि रसायनशास्त्राची बरीच वर्षे असतात. शिवाय तिथेही वर जंगलच आहे.

कोळसा सोडला तर रोजगार आणि स्वामित्वधन कुठून येणार, असे विचारणाऱ्यांशी वाद घालायची गरज वाटत नाही, कारण कोळसा उद्या सोडा असे मी म्हणतच नाही. गेवरा, कुसमुंडा, दीपका या खाणी चालतच राहणार आणि त्यांचे १४ टक्के स्वामित्वधन येतच राहणार. त्यात २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्वामित्वधन हा कर नव्हे असे सांगून खनिजयुक्त जमिनींवर कर लावायचा राज्यांचा अधिकार मान्य केल्याने छत्तीसगढच्या हाती एक नवे हत्यारही आले आहे. प्रश्न आहे तो पुढच्या टनाचा. तो टन कोणाच्या अंगणातून निघतो हे मराठी वाचकाने तरी नजरेआड करू नये, कारण त्यातला मोठा वाटा त्याच्याच नावाने निघतो आहे. रायगढच्या तमनार तालुक्यातला गारे पेल्मा सेक्टर-२ हा पट्टा महाराष्ट्राच्या महानिर्मितीला दिलेला आहे. चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या केंद्रांसाठी तिथे वर्षाला २३६ लाख टन कोळसा काढायचा आहे आणि चौदा गावे त्याच्या घेऱ्यात येतात. पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ च्या जानेवारीत रद्द केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पुन्हा मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मुडागाव-सराईटोल्यात पोलिसांच्या बंदोबस्तात झाडे पडली. भारनियमनाची ती वर्षे आठवणाऱ्या महाराष्ट्राला विजेची किंमत समजावून सांगायला नको. पण महानिर्मितीच्या संचांनाही उद्या दुपारी खाली उतरावेच लागणार आहे. तेव्हा हा कोळसा नेमका कोणत्या तासांसाठी लागतो, याचा जाहीर हिशेब मुंबईने मांडावा अशी मागणी रायपूरने करायला काय हरकत आहे? एवढ्या जंगलाच्या मोबदल्यात तो हिशेब मागणे मुळीच आगाऊपणाचे नाही.

कोरब्यातले ६६० मेगावॉटचे दोन संच आता थांबणार नाहीत, आणि ते थांबवा असा हट्टही नाही. कोरबा पश्चिममध्ये २१० मेगावॉटचे चार संच १९८३ ते १९८६ या काळातले आहेत, चाळिशी गाठलेले. नवे संच कमी कोळशात जास्त वीज देतील हे उघड आहे. मग राज्याच्या निर्मिती कंपनीने नव्या संचांच्या परवानगीच्या कागदावरच जुन्या चारांच्या निवृत्तीची तारीख लिहून द्यावी, जशी कोरबा पूर्वचे संच २०२० अखेर बंद करताना प्रत्यक्षात पाळली गेली. तसे झाले तर ती बदली ठरेल. खासगी कंपन्यांच्या यादीतल्या बाकीच्या मेगावॉटांना मात्र रायपूरने एक अट घालावी: बांगोच्या उदंचनाची पहिली निविदा निघेपर्यंत आणि भट्ट्यांच्या नव्या दरांचा एक उन्हाळा पाहून होईपर्यंत राज्य त्यांच्याशी एकाही युनिटाच्या खरेदीचा करार करणार नाही.